संत गोन्सालो गार्सिया : वसईचा दुभाषी

फेब्रुवारी महिना जवळ आला म्हणजे विद्यार्थ्यांस परीक्षेवाचून दुसरे काही सुचत नाही, आणि पालकांस तर त्याहूनही सुचत नाही. अशा घाईच्या दिवसांत ख्रिस्ती शाळांच्या वार्षिक क्रमात एक सण येतो व पुष्कळदा सकाळच्या मिस्सेपुरता राहून निघून जातो. तो सण ६ फेब्रुवारीचा. संत गोन्सालो गार्सिया व त्यांचे पंचवीस सोबती ह्यांचा. ज्याच्या नावाने सण पाळावयाचा, त्या पुरुषाची ओळख आमच्या वाचकांस आधी झालेली असावी, म्हणून त्याचे हे अल्प चरित्र आम्ही येथे देत आहोत. नाव कानास परके वाटले तरी माणूस परका नव्हे. तो ह्याच महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर जन्मला, वसईत वाढला आणि मिशनऱ्यांच्या हाताखाली शिकला.

आपल्या ढाणकीहून वसई फार लांब. इकडे पैनगंगेच्या खोऱ्यातील काळी जमीन व कापूस. तिकडे समुद्राची खारी हवा, केळीच्या बागा आणि विड्याच्या पानांचे मळे. तथापि ह्या चरित्रातील एक गोष्ट आपल्या भागातील मुलांस जितकी चटकन उमगेल, तितकी मोठ्या शहरातील मुलांसही कदाचित उमगणार नाही. आपल्याकडे घरी एक बोली, बाजारात दुसरी व शाळेत तिसरी, हा अनेकांचा नित्याचा अनुभव आहे. घरी गोरमाटी, तेलुगू, गोंडी, कोलामी किंवा उर्दू बोलणारे मूल वर्गात मराठी बोलते, इंग्रजी शिकते, आणि कचेरीत गेलेल्या आपल्या वडीलमाणसांचे म्हणणे साहेबांस समजावून देते. गोन्सालो गार्सियाच्या साऱ्या आयुष्याचे सूत्र हेच होते. तो दुभाषी होता.

त्याचा जन्म १५५७ च्या सुमारास झाला. त्याच्या आधी वीसबावीस वर्षे, म्हणजे १५३४ साली, गुजरातचा सुलतान बहादूरशहा ह्याने वसई पोर्तुगीजांस तहाने दिली होती, आणि तेथे तटबंदीचे नवे शहर उभे राहत होते. गोन्सालोचा बाप पोर्तुगीज शिपाई; आई वसईचीच. अशा घरातील मुलास दोन जगांची ओळख उंबरठ्याच्या आतच होते. किल्ल्यात येशूसंघीयांची शाळा होती. तेथे फादर सेबास्तियन गोन्साल्विस ह्या गुरूंची त्याच्यावर कृपा जडली, व पुढे ते जपानकडे निघाले तेव्हा ह्या शिष्यास त्यांनी बरोबर घेतले. त्या वेळी त्याचे वय अवघे पंधरा वर्षांचे, म्हणजे आपल्या दहावीच्या वर्गातील मुलाएवढे होते. वाचकांतील मातांनी क्षणभर कल्पना करावी : शिडाचे जहाज, वाऱ्याच्या मर्जीवर चालणारा महिनोन्‌महिन्यांचा प्रवास, आणि परत येण्याची काहीच शाश्वती नाही. वसईस तो पुन्हा कधी परतला नाही.

जपानात ख्रिस्ती धर्माचे बीज संत फ्रान्सिस झेवियर ह्यांनी १५४९ मध्ये पेरले होते. गोन्सालो तेथे पोहोचला तेव्हा नव्या ख्रिस्तसभेस माणसे हवी होती, पण त्याहून अधिक हवी होती ती लोकांची भाषा जाणणारी माणसे. प्रौढ वयात आलेल्या युरोपीय पाद्रींस जपानी भाषा फार जड जाई; तीत वडिलांशी, बरोबरीच्याशी व धाकट्याशी बोलण्याच्या रीती निरनिराळ्या आहेत, आणि चुकीची रीत वापरली तर उपदेशाचा विनोद होतो. गोन्सालोने ती भाषा कोवळ्या वयात उचलली. तो धर्मशिक्षक झाला. मुलांस प्रार्थना शिकवू लागला, पाद्रींबरोबर गावोगाव हिंडू लागला. त्याच्या गोड स्वभावामुळे जपानी लोक त्यास आपला मानीत.

त्याच्या मनात मात्र एकच आस होती : येशूसंघात आपला प्रवेश व्हावा. त्याने विनंती केली, वाट पाहिली, पुन्हा विनंती केली. प्रवेश मिळाला नाही. वर्षानुवर्षे ज्या घरात चाकरी केली, त्याच घराने त्यास घरचा म्हणून स्वीकारले नाही. ह्या प्रसंगावर चरित्रकार लवकर पुढे सरकतात. आम्हांस मात्र येथे थोडे थांबावेसे वाटते. संतांची चरित्रे वाचताना मुलांची अशी समजूत होते की, देवाने ज्यास बोलाविले त्याचे सर्व दरवाजे आपोआप उघडतात. गोन्सालोच्या तोंडावर दरवाजा बंद झाला, आणि तोही ज्या माणसांवर त्याचे प्रेम होते त्यांच्या हातून.

तो रुसून वसईस परतला नाही, की धर्म सोडून बसला नाही. त्याने व्यापार मांडला. जपान, मकाव व आसपासची बंदरे ह्यांमध्ये त्या काळी रेशीम व चांदी ह्यांची मोठी उलाढाल चाले. भाषा जाणणारा, शब्दाचा पक्का व ओळखी असलेला माणूस तेथे लवकरच वर येई. गोन्सालो श्रीमंत झाला. आज एखाद्या पालकास आपल्या मुलाविषयी जे जे व्हावेसे वाटते, ते सर्व त्यास तिशीच्या आत-बाहेर मिळाले होते.

व्यापाराच्या निमित्ताने तो फिलिपाईन्स बेटांतील मनिला शहरी येत-जात असे. तेथे फ्रान्सिस्कन संघाच्या अनवाणी बंधूंशी त्याचा परिचय झाला. हे लोक भिक्षेवर राहत व रोग्यांची सेवा करीत. गोन्सालोने आपला व्यापार आवरला आणि त्यांच्या मठात प्रवेश मागितला. येथे तो मिळाला. मात्र धर्मगुरू म्हणून नव्हे, तर साधा व्रतस्थ बंधू म्हणून. मिस्सा अर्पण करण्याचा अधिकार त्यांस आयुष्यात कधीच लाभला नाही. येथून पुढे आम्ही त्यांस बंधू गोन्सालो म्हणू.

त्या वेळी जपानची सत्ता तोयोतोमी हिदेयोशी ह्याच्या हाती होती. सामान्य घरात जन्मून स्वतःच्या कर्तबगारीने साऱ्या जपानचा धनी झालेला हा पुरुष बुद्धिमान होता, पण लहरीही तितकाच होता. १५८७ मध्ये त्याने ख्रिस्ती पाद्रींनी देश सोडावा असा हुकूम काढला होता, परंतु त्याची अंमलबजावणी सक्तीने झाली नव्हती. पुढे त्याने फिलिपाईन्सने आपली सत्ता मान्य करावी अशी मागणी केली. मनिलाच्या स्पॅनिश गव्हर्नराने १५९३ मध्ये फादर पेद्रो बाप्तिस्ता ह्यांस वकील म्हणून जपानास पाठविले. वकिलाच्या तोंडी भाषा कोण घालणार? बंधू गोन्सालो.

क्यूशू बेटावरील नागोया येथे, कोरियावरील स्वारीसाठी बांधलेल्या किल्ल्यात, हिदेयोशीच्या दरबारी ही मंडळी उभी राहिली. दुभाष्याचे काम वरून सोपे दिसते. परंतु एका बाजूस ताबेदारी मागणारा सत्ताधीश, दुसऱ्या बाजूस ती देण्याचा अधिकार नसलेला भिक्षुक, आणि मध्ये एक अनवाणी वसईकर! शब्द मऊ करावा तर ते असत्य होईल, कठोर ठेवावा तर डोके जाईल. मनिलाहून व स्पेनच्या राजाकडून उत्तर येईपर्यंत आम्ही आपल्याच देशात ओलीस राहतो, असे फ्रान्सिस्कनांनी सुचविले. हिदेयोशीने ते मान्य केले व त्यांस राजधानी क्योतो येथे राहावयास जागा दिली.

१५९४ मध्ये क्योतोत त्यांचे छोटे चर्च व मठ उभा राहिला. त्याच्या शेजारी त्यांनी कुष्ठरोग्यांसाठी रुग्णालय चालविले. कुष्ठरोग्यास त्या काळी घरात थारा नसे. तो रस्त्यावर पडे. अशांस उचलून आणणे, जखमा धुणे, अन्न भरविणे ही कामे बंधू व जपानी ख्रिस्ती मिळून करीत. येथेही बंधू गोन्सालो दुभाषी होतेच. फरक इतकाच की, आता त्यांस दरबारी भाषेऐवजी कण्हणाऱ्या माणसाची भाषा समजून घ्यावयाची होती. लोक त्यांचे स्मरण हुतात्मा म्हणूनच करतात, तेव्हा ही दोनतीन वर्षे झाकली जातात. आमच्या मते त्यांच्या आयुष्याचा सर्वांत भरीव भाग हाच होय. येशूसंघीय पाद्री मात्र जुना हुकूम ध्यानी धरून सावधपणे व आडून काम करीत होते. फ्रान्सिस्कनांचे उघड्यावरील कार्य त्यांस धोक्याचे वाटे. ही भीती निराधार ठरली नाही.

ऑक्टोबर १५९६ मध्ये मनिलाहून मेक्सिकोकडे निघालेले सान फेलिपे नावाचे स्पॅनिश गलबत वादळात सापडून जपानच्या तोसा प्रांताच्या किनाऱ्यास लागले. माल अतोनात किमतीचा होता. हिदेयोशीच्या अधिकाऱ्यांनी तो जप्त केला. गलबतावरील एका खलाशाने, आमचा राजा आधी पाद्री पाठवितो व मागाहून सैन्य, अशा अर्थाची बढाई मारली असे सांगतात. हिदेयोशीचा संशय भडकला. डिसेंबरात क्योतोच्या मठावर पहारा बसला आणि देहान्ताची शिक्षा फर्मावली गेली. एकाच्या लोभापायी व दुसऱ्याच्या जिभेपायी, कुष्ठरोग्यांच्या जखमा बांधणारे हात बांधले गेले.

३ जानेवारी १५९७ रोजी चोवीस कैद्यांच्या डाव्या कानाचा भाग कापण्यात आला व त्यांस गाड्यांत घालून क्योतोच्या रस्त्यांतून फिरविले. नंतर भर हिवाळ्यात त्यांस नागासाकीपर्यंत सुमारे आठशे किलोमीटर चालविले. ढाणकीहून मुंबईस पायी जाण्याहूनही हे अंतर अधिक आहे. वाटेत त्यांची सेवा करू लागलेले दोघे जपानी ख्रिस्ती पहारेकऱ्यांनी त्यांच्यातच घातले, आणि संख्या सव्वीस झाली : सहा फ्रान्सिस्कन, तीन जपानी येशूसंघीय व सतरा सामान्य भाविक. फ्रान्सिस्कनांपैकी चौघे स्पॅनिश, एक मेक्सिकोचा, व एक आपला वसईचा.

ह्या सव्वीसांत तीन मुले होती. लुई इबाराकी बारा वर्षांचा, अँथनी तेरा वर्षांचा व थॉमस कोझाकी चौदा वर्षांचा. थॉमसचा बाप मायकेल हाही त्याच रांगेत चालत होता. मिहारा येथील मुक्कामी थॉमसने आईस पत्र लिहिले. आपल्यासाठी व बाबांसाठी दुःख करू नये, आणि धाकट्या भावांस जपावे, एवढाच त्याचा आशय. ते पत्र आईकडे रवाना करता आले नाही. पुढे ते बापाच्या मृतदेहापाशी सापडले.

५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर सव्वीस क्रूस तयार होते. त्या सकाळी एक विलक्षण गोष्ट घडली. तीन येशूसंघीयांपैकी जॉन व जेम्स ह्या दोघांनी आजवर संघाची व्रते घेतलेली नव्हती. त्यांस ती मरणाच्या दारात घेऊ देण्यात आली. ज्या दरवाजापाशी गोन्सालो तरुणपणी तिष्ठत उभे राहिले होते, तो शेवटच्या सकाळी त्यांच्या डोळ्यांदेखत दुसऱ्या दोघांसाठी उघडला. आता ते दुसऱ्या संघाचा झगा ल्याले होते, आणि जावयाचे होते ते सर्वांस एकाच ठिकाणी. परंपरा सांगते की, क्रुसाकडे पुढे झालेल्यांत बंधू गोन्सालो पहिले. जपानी रीतीप्रमाणे हातपाय व मान कड्यांनी व दोरांनी जखडून क्रूस उभारले गेले. पॉल मिकी ह्यांनी क्रुसावरून लोकांस अखेरचा उपदेश केला. मग भालाईतांनी आपले काम केले. बंधू गोन्सालो त्या वेळी चाळिशीच्या घरात होते.

पोप आठवे अर्बन ह्यांनी १६२७ मध्ये ह्या सव्वीसांस धन्य म्हणून घोषित केले, आणि पोप नववे पायस ह्यांनी ८ जून १८६२ रोजी संतपद दिले. अशा रीतीने भारतात जन्मलेला पहिला संत वसईचा ठरला. केरळच्या संत अल्फोन्सा ह्यांस २००८ मध्ये संतपद मिळाले तेव्हा पुष्कळांच्या तोंडी त्याच पहिल्या भारतीय संत असल्याची भाषा होती. त्या पहिल्या भारतीय महिला संत, इतकेच म्हणणे बरोबर.

संतपदाच्या घोषणेनंतर नागासाकीत ओउरा येथे ह्या सव्वीसांच्या नावाने एक चर्च बांधण्यात आले. मार्च १८६५ मध्ये जवळच्या उराकामी गावचे काही लोक तेथे आले आणि आपणही ख्रिस्तीच आहोत असे त्यांनी पाद्रीस हळूच सांगितले. दोनशेंहून अधिक वर्षे त्या कुटुंबांनी पाद्रीवाचून, चर्चवाचून, कडक बंदीत मुलांस बाप्तिस्मा देत व प्रार्थना पाठ करवीत आपली श्रद्धा जपली होती. निशिझाका टेकडीवर १९६२ पासून सव्वीस जणांच्या कांस्यप्रतिमांचे स्मारक आहे. इकडे वसईत १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला जिंकल्यानंतर पोर्तुगीज शहर ओस पडत गेले; पण तेथील येशूसंघीयांच्या चर्चची उंच दर्शनी भिंत अद्याप उभी आहे, व ती वास्तू आज संत गोन्सालो गार्सियांच्याच नावाने ओळखली जाते.

मृत्यूचा दिवस ५ फेब्रुवारी असता सण ६ तारखेस का, असे चौकस विद्यार्थी विचारतील. ५ तारीख प्राचीन काळापासून संत आगाथा ह्यांची आहे. म्हणून ह्या सव्वीसांस दुसरा दिवस दिला गेला. येत्या ६ फेब्रुवारीस वसईतील मिस्सेत मराठीतून त्यांचे नाव घेतले जाईल, आणि नागासाकीत त्या आठवड्यात लोक थंडीत टेकडी चढून जातील.