आनंदीबाईंची पदवी

मैत्रिणींनो, डॉ. आनंदीबाई जोशींचं नाव आपण सगळ्या जाणतो. ३१ मार्च १८६५ रोजी जन्मलेली ही यमुना. नवव्या वर्षी लग्न झालं. पती गोपाळराव पोस्टात. त्यांच्या बदलीमुळे काही काळ ती आपल्या अलिबागेतही राहिली. चौदाव्या वर्षी झालेलं बाळ दहा दिवसांतच गेलं. बायकांना तपासायला बाई डॉक्टर हवी, हे तिने मनाशी धरलं. चार औषधं शिकून घरीच उपचार करता आले असते. पण १८८३ साली ती अमेरिकेत फिलाडेल्फियाला गेली, तब्येत साथ देत नसतानाही शिकली आणि ११ मार्च १८८६ रोजी एम.डी. झाली. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात नेमणूकही मिळाली. पण २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, अवघ्या एकविसाव्या वर्षी, ती पुण्यात वारली.

हे आज सांगण्याचं कारण आहे. पेण-रोह्यात काम करताना हल्ली बायका मला नाक नीट करणं, पोटाची चरबी काढणं याबद्दल विचारतात. हौस असू द्या, पण जाहिरातीवर जाऊ नका. सर्जनकडे प्लास्टिक सर्जरीची एम.सीएच. किंवा डी.एन.बी. पदवी आहे का, विचारा. नोंदणी क्रमांक घेऊन महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे पडताळा. रुग्णालयाची सरकारी नोंदणी पाहा. एनएबीएच मानांकन असेल तर उत्तमच. भूल कोण देणार, तेही विचारा.

यात डॉक्टरांचा अपमान कसला? ज्या पदवीसाठी आनंदीबाई सातासमुद्रापार गेल्या, ती समोरच्याकडे आहे का, एवढं तरी बघायलाच हवं ना!