हिमशिखरांचे छायाचित्रकार : व्हित्तोरिओ सेल्ला

धानाच्या बांध्या पाहत वाढणाऱ्या आपणां गोंदियाकरांस हिमशिखरांचे दर्शन बहुधा छायाचित्रांतूनच घडते. अशी चित्रे घेणाऱ्यांत व्हित्तोरिओ सेल्ला हे अग्रगण्य होत. त्यांचा जन्म इटलीतील बिएला येथे १८५९ साली झाला. पित्याने छायाचित्रणावर ग्रंथ लिहिला होता. तीच विद्या पुत्राने पर्वतांवर नेली. मार्च १८८२ मध्ये, कडाक्याच्या थंडीत, मॅटरहॉर्न हे दुर्गम शिखर ते सोबत्यांसह एका बाजूने चढून दुसऱ्या बाजूने उतरले. हिवाळ्यात हे पूर्वी कोणासही साधले नव्हते. पुढे जड कॅमेरा व मोठाल्या काचा घेऊन ते पर्वतोपर्वती हिंडले. काच फुटली की सारे श्रम व्यर्थ! १८९९ साली कांचनगंगेच्या प्रदक्षिणेत प्रचंड हिमवृष्टीने गाठले, तरी त्यांनी काम सोडले नाही. १९४३ साली ते निवर्तले. त्यांची चित्रे पाहून पुढील गिर्यारोहकांनी आपल्या वाटा आखल्या. एकाने सावधपणे वाहिलेला भार अनेकांस असा मार्गदर्शक होतो.