जेऊरचं ग्रहण, पुण्याची वेधशाळा आणि लाखो अंश तापलेल्या वायूचं कोडं : कावसजी नायगमवालांची गोष्ट

२२ जानेवारी १८९८. सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला भरदुपारी जेमतेम दोन मिनिटं सूर्य पूर्ण झाकला गेला. तेवढ्यासाठी अमेरिकेच्या लिक वेधशाळेची माणसं इथवर आली होती. पुण्याहूनही एक तुकडी आली होती. तिचे प्रमुख होते कावसजी दादाभाई नायगमवाला.

कावसजींचा जन्म १८५७ चा, पारशी कुटुंबातला. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून ते एमए झाले आणि तिथंच शिकवू लागले. १८८२ मध्ये भावनगरचे महाराज तख्तसिंहजी कॉलेजात आले. वर्णपटाच्या प्रयोगशाळेसाठी त्यांनी ५ हजार रुपये दिले, मुंबई सरकारनं तेवढीच भर घातली.

वर्णपट म्हणजे प्रकाशाचा रंगीत पट्टा. त्यातल्या रेषांवरून दूरच्या वायूत कोणती मूलद्रव्यं आहेत हे इथं बसून कळतं.

१८८४ मध्ये कावसजी इंग्लंडला गेले आणि प्रयोगशाळेची योजना थेट वेधशाळेपर्यंत पोहोचली. पुढे पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे आजच्या सीओईपीत, त्यांची बदली झाली. १८८८ मध्ये तिथं महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा उभी राहिली. तिची २० इंची दुर्बीण तेव्हा भारतातली सर्वात मोठी होती.

या वेधशाळेतून कावसजींनी मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाचा वर्णपट तपासला. निष्कर्ष निघाला तो नॉर्मन लॉकियर या बड्या इंग्रज शास्त्रज्ञाच्या मताविरुद्ध. तरी त्यांनी तो मांडला.

ग्रहणात दिसणाऱ्या सूर्याच्या प्रभामंडळाचं कोडं मात्र तेव्हा कुणालाच सुटलं नव्हतं. त्याच्या वर्णपटात एक हिरवी रेषा होती, जी कुठल्याच माहीत असलेल्या मूलद्रव्याशी जुळत नव्हती. नवं मूलद्रव्य समजून तिला 'कोरोनियम' असं नावही देऊन झालं होतं.

१९३८ मध्ये कावसजी गेले. उत्तर त्यानंतर काही वर्षांतच मिळालं. ती रेषा लोखंडाचीच होती, पण १३ इलेक्ट्रॉन गमावलेल्या लोखंडाची. त्यासाठी तापमान १० लाख अंशांच्या वर लागतं!

हीच युक्ती पुढे दीर्घिकांच्या समूहांना लागू पडली. समूहातल्या दीर्घिकांच्या मधल्या जागेत कोट्यवधी अंश तापलेला वायू असतो. तो एक्स-रेमध्ये चमकतो. हे किरण आपलं वातावरण अडवतं, म्हणून उपग्रह लागतो. १९७६ मध्ये ब्रिटनच्या एरियल-५ उपग्रहाच्या नोंदींत ययाती तारकासमूहातल्या अशा समूहात लोखंडाची रेषा सापडली. हा वायू समूहातल्या सगळ्या ताऱ्यांपेक्षा कितीतरी पट जास्त भरतो.

पुण्याची वेधशाळा मात्र एका माणसावर उभी होती. १९१२ मध्ये कावसजी निवृत्त झाले, तीही बंद झाली आणि उपकरणं कोडाईकनालला गेली. ती सुरू झाल्याला १०० वर्षं झाली त्याच वर्षी, १९८८ मध्ये, पुण्यात 'आयुका' स्थापन झाली. दीर्घिका समूहांमधल्या तापलेल्या वायूचा अभ्यास आता तिथं होतो.