शवाला शिवणारे पंडित आणि शव उचलणारे डोम

मेलेल्या माणसाला शिवले की विटाळ होतो, ही शिकवण मनुस्मृतीने दिली. बेवारस प्रेते वाहून नेण्याचे काम तिनेच चांडाळांवर लादले. सुश्रुतसंहितेत प्रेत उघडून शरीर अभ्यासण्याची रीत सांगितली आहे. पण विटाळाच्या धाकाने ती पोथीतच पडून राहिली. शरीर न पाहताच वैद्यकी शिकवली जाऊ लागली.

ही कोंडी फोडणाऱ्या पंडित मधुसूदन गुप्त यांचे चरित्र आमच्या वाचकांनी समजून घ्यावे, असे आम्हाला वाटते. त्यांचा जन्म १८०० च्या सुमारास, बंगालमधील हुगळी जिल्ह्यातील बैद्यबाटीचा. जात वैद्य. कलकत्त्याच्या संस्कृत कॉलेजात वैद्यक शिकून ते तेथेच शिक्षक झाले. २८ जानेवारी १८३५ रोजी गव्हर्नर जनरल बेंटिंक यांच्या सरकारने तो वर्ग बंद करून सरकारी खर्चाचे मेडिकल कॉलेज काढले, तेव्हा पंडितजी त्या कॉलेजात आले.

पाश्चात्त्य वैद्यक शिकायचे तर प्रेताला हात लावणे भाग होते. १८३६ साली प्राध्यापक गुडीव्ह यांच्या देखरेखीखाली मधुसूदन गुप्त यांनी मानवी शवावर सुरी चालवली आणि काही विद्यार्थी त्यांच्यामागे उभे राहिले. सनातन्यांच्या रोषाची त्यांनी पर्वा केली नाही. १८३७ मध्ये कॉलेजात ६० शवांचे विच्छेदन झाले, पुढल्या वर्षी १२०, आणि १८४४ पर्यंत हा आकडा ५०० च्या वर गेला. शास्त्राची भीती किती पोकळ होती, ते या आकड्यांनीच दाखवले. पंडितजींनी शरीरशास्त्राचा इंग्रजी ग्रंथ संस्कृतात आणला. १८५२ मध्ये बंगाली माध्यमाचा वर्ग निघाला, त्याची जबाबदारी त्यांच्यावर आली. १८५६ साली त्यांचे निधन झाले.

या धैर्याला आम्ही मनापासून वंदन करतो. पण एक प्रश्न विचारल्याशिवाय आम्हाला राहवत नाही. कॉलेजच्या नियमात धर्म-जातीची आडकाठी नव्हती. मात्र उमेदवार प्रतिष्ठित घरचा असावा आणि त्याला इंग्रजी लिहिता-वाचता यावे, अशी अट होती. ज्यांना अक्षराचीच बंदी, त्यांनी ही प्रतिष्ठा आणायची कोठून? बंगालात प्रेते उचलणारी जात डोमांची. पिढ्यान् पिढ्या ज्यांनी प्रेताला हात लावला, त्यांना कोणी धाडसी म्हटले नाही, अस्पृश्य म्हटले. उच्चवर्णीयाने तोच हात लावला तेव्हा ती क्रांती ठरली. बंगालच्या शवागारांत काम करणाऱ्याला आजही डोमच म्हणतात.

दरवाजा कागदावर उघडा असून भागत नाही. उंबरठ्यापर्यंत पोचण्याचे बळ लागते. ते बळ बाबासाहेबांनी संविधानातून दिले. म्हणून मेडिकलची राखीव जागा ही कोणाची मेहेरबानी नाही, हे आमच्या मुला-मुलींनी ध्यानात ठेवावे. मधुसूदन गुप्तांनी विटाळ मोडला तो शवाचा. जिवंत माणसाचा विटाळ मोडण्याचे काम अजून शिल्लक आहे, आणि ते आपल्यालाच पुरे करायचे आहे.