कार्यमग्न गांधीजी आणि रक्तदाब

सतत कामात असलेला माणूस निरोगीच असणार, असा सर्वसाधारण समज आहे. महात्मा गांधींचे वर्ध्यातील वास्तव्य पाहिले, तर हा समज किती फसवा आहे हे ध्यानात येते.

पोरबंदर येथे २ ऑक्टोबर १८६९ रोजी जन्मलेल्या गांधीजींनी वयाच्या ६१व्या वर्षी दांडीयात्रा पायी पूर्ण केली. पहाटेच्या प्रार्थनेपासून पत्रव्यवहार, लेखन, सूतकताई, भेटीगाठी असा त्यांचा दिवस असे. या उत्साहाचे सर्वांनाच नवल वाटे. शरीर मात्र आपला हिशेब निराळा ठेवत होते. मार्च १९२७ मध्ये कोल्हापूर-निपाणी भागातील दौऱ्यात त्यांची प्रकृती एकाएकी ढासळली. रक्तदाब वाढल्याचे निदान झाले आणि विश्रांतीसाठी त्यांना नंदी हिल्स येथे जावे लागले.

जमनालाल बजाज यांच्या आग्रहामुळे १९३४ पासून वर्धा हे गांधीजींचे कार्यकेंद्र बनले. तेथेही डिसेंबर १९३५ मध्ये रक्तदाबाने त्यांना गाठले. पुढे ३० एप्रिल १९३६ रोजी ते शेगाव, म्हणजे आजच्या सेवाग्रामला गेले. २६ ऑक्टोबर १९३७ रोजी त्यांचा रक्तदाब १९४/१३०, तर १९ फेब्रुवारी १९४० रोजी २२०/११० असा नोंदला गेला. प्रभावी औषधे नसण्याचा तो काळ. मिताहार, मातीच्या पट्ट्या, फिरणे, मौन आणि सक्तीची विश्रांती यांवरच मुख्य भिस्त होती. डॉ. सुशीला नायर यांची त्यांच्या प्रकृतीवर देखरेख असे.

जमनालालजीही असेच अखंड कार्यरत होते. ११ फेब्रुवारी १९४२ रोजी वयाच्या अवघ्या ५२व्या वर्षी, मेंदूतील रक्तस्रावाने वर्ध्यात त्यांचे निधन झाले. गांधीजी मात्र निदानानंतर दोन दशकांहून अधिक काळ जगले. ३० जानेवारी १९४८ रोजी त्यांचा अंत झाला तो मारेकऱ्याच्या गोळ्यांनी.

कार्यमग्नता हा काही आजार नव्हे. परंतु तिच्याआड आजार दडू शकतो. रक्तदाब बहुधा कोणतेही लक्षण न दाखवता वाढतो. अस्वस्थ धावपळीला निद्रानाश, छातीत धडधड, घटते वजन यांची जोड मिळाली, तर थायरॉईडचा विकारही असू शकतो. अशा वेळी उत्साहाचे कौतुक बाजूला ठेवून तपासणी करून घेणेच शहाणपणाचे. सेवाग्रामला १९४५ मध्ये कस्तुरबा रुग्णालय सुरू झाले आणि १९६९ मध्ये तेथे वैद्यकीय महाविद्यालय उभे राहिले. रक्तदाब मोजायला आता काही मिनिटे पुरतात. तेवढी सवड मात्र काढायला हवी.