रसायनाचार्य डॉ. वेंकटरमण

काळ्या जमिनीतील कापसावर ज्यांचा प्रपंच चालत आला, त्या पारोळ्याच्या आपल्या ज्ञातिबांधवांना कापसाचे वस्त्र रंगविणाऱ्या शास्त्राचे हे आचार्य परके वाटू नयेत.

कृष्णस्वामी वेंकटरमण यांचा जन्म १९०१ साली मद्रास येथे झाला. मँचेस्टरला रॉबर्ट रॉबिन्सन यांच्या हाताखाली अध्ययन करून ते लाहोरास अध्यापक झाले. अल्कलीच्या योगाने रेणूतील अ‍ॅसिल गट ऑक्सिजनावरून शेजारच्या शाखेतील कार्बनावर सरकतो, हे त्यांनी १९३३ च्या सुमारास दाखविले. पुढे अम्लाच्या योगाने त्यातून फ्लेव्होन सिद्ध होतो. फुलापानांतील अनेक पिवळी द्रव्ये याच कुळातील आहेत. इंग्लंडात बेकर यांसही हेच स्वतंत्रपणे आढळले; म्हणून ही क्रिया उभयतांच्या नावे ओळखली जाते.

१९३८ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागाचे व १९५७ मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे ते पहिले भारतीय संचालक झाले. विलायती रंगांवर विसंबलेल्या देशात त्यांनी रसायनज्ञांची पिढी घडविली. १९८१ साली ते निवर्तले.

पदार्थ सिद्ध झाल्यावरही तो कसा झाला, हे विचारण्याची त्यांची चिकाटी आपल्या विद्यार्थ्यांच्या अंगी बाणो.