हळर्णचं नाव लावणारा विजरई

लोकप्रशासन हा विषय शिकताना सुरुवात बहुधा वुड्रो विल्सन यांच्या १८८७ च्या निबंधापासून होते. अभ्यासविषय म्हणून ते ठीकच. पण कारभार करणाऱ्याने आपला अनुभव पुढच्या माणसासाठी लिहून ठेवायची रीत त्याहून जुनी आहे. असं लिहिणाऱ्या एका माणसाच्या पदवीत तर आपल्या पेडण्यातलं हळर्ण आहे.

पेद्रू मिगेल द आल्मैद यांचा जन्म १६८८ चा, लिस्बनचा. आसुमारचे काउंट. १७१७ मध्ये त्यांना ब्राझीलमधल्या सोन्याच्या खाणींच्या मुलखाचा गव्हर्नर नेमलं. वाटेत त्यांच्या मेजवानीसाठी मासे मारायला गेलेल्या कोळ्यांच्या जाळ्यात पवित्र मारियेची मूर्ती आली. तीच आज ब्राझीलची पालक, अपारेसिदाची सायबीण. गव्हर्नरसाहेब मात्र आले होते सोन्यासाठी.

सोन्याचा पाचवा हिस्सा राजाचा. तो बुडू नये म्हणून सगळं सोनं सरकारी भट्टीतच वितळवायचं असं ठरलं आणि १७२० मध्ये व्हिला रिकात उठाव झाला. काउंटनी आधी मागण्या मान्य केल्यासारखं दाखवलं. मग सैन्य आणून पुढाऱ्याच्या वस्तीला आग लावली, आणि फिलिप दुस सांतुस याला रीतसर खटला न चालवताच ठार केलं. एवढं करून भट्ट्या सुरू झाल्या त्या १७२५ मध्ये! याला कारभार म्हणायचं का? मला तरी तो फसलेला कारभार वाटतो.

१७४४ मध्ये ते गोव्याचे विजरई झाले. उत्तरेला सावंतवाडीचे भोसले. १७४६ च्या मे महिन्यात शापोरा नदीकाठचा हळर्णचा कोट त्यांनी भोसल्यांकडून घेतला आणि त्याच वर्षी तेरेखोलही. राजाने खूश होऊन १७४८ मध्ये त्यांना आलोर्नचा मार्किश केलं. आलोर्न म्हणजे पोर्तुगीज जिभेवरचं हळर्ण. गावाला त्यातून काय मिळालं, हे कुणी विचारलं नसावं.

१७५० मध्ये परतताना त्यांनी आपल्यामागून येणाऱ्या ताव्होराच्या मार्किशसाठी सविस्तर सूचनापत्र लिहिलं. शेजारच्या कुठल्या राजाशी कसं वागावं, हा त्यातला मोठा भाग. पुढच्या शतकात फिलिप नेरी शाव्हिएर यांनी ते गोव्यातच छापलं. रामचंद्रपंत अमात्यांचं आज्ञापत्र त्याच्या साधारण पस्तीस वर्षं आधीचं. त्यात टोपीकरांना किनाऱ्याला जागा देऊ नये असा इशारा आहे. दोन्ही शेजारी शेजारी ठेवून वाचावेत असे ग्रंथ. एकाच सरहद्दीकडे दोन बाजूंनी पाहणारे.

मार्किश १७५६ मध्ये वारले, ते एका अर्थी वेळेवरच. १७५९ मध्ये ताव्होरांना राजाच्या खुनाच्या कटाच्या आरोपावरून देहदंड झाला. आलोर्नचा मुलगा त्यांचा जावई, म्हणून तो १७७७ पर्यंत तुरुंगात. नात लिओनोर आठ वर्षांची असताना आईबरोबर कॉन्व्हेंटात डांबली गेली. तिथेच ती वाढली, शिकली, कविता करू लागली. पोर्तुगीज साहित्यात ती आजही आलोर्नची मार्केझा म्हणूनच ओळखली जाते.